तीनदा ‘हरकत नाही’

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी प्रयागबाई मुंडकर यांचं नाव घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, शाळेतल्या बाई असतील, किंवा शिकत असताना दोन घास घालणारी कुणी लांबची मावशी. तसं काही नाही. प्रयागबाई नांदेडला मिरची कांडपाचं यंत्र चालवतात. घर वाचवण्यासाठी त्यांनी फायनान्स कंपनीविरुद्ध दावा लावला होता आणि तो दावा मीच कोर्टाला नामंजूर करायला लावला. मी कंपनीचा वकील होतो.

बाकीचे उपकार मी विसरलो आहे असं नाही. जळकोट तालुक्यातल्या आमच्या गावात वडील गवंडीकाम करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी लातूरला जाण्याचा आग्रह धरला, वडिलांनी दुसऱ्यांच्या घरांवर विटा रचून मला वकिलीपर्यंत शिकवलं. या सगळ्यांनी मला वकील केलं. वकील झाल्यावर कसं वागायचं, ते मात्र प्रयागबाईंकडून कळलं, आणि तेही मी त्यांचा दावा जिंकल्यानंतर.

माझं काम काय, हे आधी सांगतो, कारण सोयऱ्याधायऱ्यांना ते अजून नीट कळलेलं नाही. घर गहाण ठेवून कर्ज घेतलं आणि हप्ते थकले, की बँक किंवा फायनान्स कंपनी साठ दिवसांची नोटीस देते. तेवढ्यात भरणा झाला नाही, तर दारावर ताब्याची नोटीस चिकटवते आणि तीच वर्तमानपत्रात छापते. घरात माणसं राहतच असतात, कुकरच्या शिट्ट्या होतच असतात, पण कागदावर घराचा ताबा कंपनीकडे गेलेला असतो. लोक याला सरसकट जप्ती म्हणतात. कंपनीने यात काही चुकीचं केलं असेल, तर कर्जदाराला दाद मागता येते. त्यासाठी ती नोटीस चिकटल्यापासून पंचेचाळीस दिवस मिळतात. मात्र ती दाद गावातल्या दिवाणी कोर्टात मागायची नसते. त्यासाठी वेगळं कर्जवसुली न्यायाधिकरण आहे, आणि आमच्या भागासाठी ते औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. एखाददुसरा अपवाद सोडला, तर दिवाणी कोर्टाने या भानगडीत पडू नये असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

आता आमच्याकडचा माणूस दारावर कागद बघितला की काय करतो? तो ओळखीच्या वकिलाकडे जातो. वकील आपल्या गावातल्या कोर्टात मनाईहुकमाचा दावा लावतो. घर इथलं, माणूस इथला, तर कोर्टही इथलंच असणार, हा हिशोब साधा आहे आणि तो चूक आहे. एसटी स्टँडवर रेल्वेचं तिकीट मागण्यातला प्रकार. फरक एवढाच, की स्टँडवरचा माणूस लगेच सांगतो. कोर्टात ते सांगायचं काम माझं.

मी अर्ज करायचो, की हे वादपत्रच कायद्याने चालणारं नाही, ते नामंजूर करा. अशा अर्जावर न्यायाधीश फक्त वादपत्र वाचतात. कर्जदार खरा की खोटा, कंपनीने नियम पाळले की नाही, यातलं काही त्यांना बघायचंच नसतं. साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही. अर्धा तास युक्तिवाद आणि दावा संपला. लातूर आणि नांदेड अशा दोन्ही जिल्ह्यांचं काम कंपनीने माझ्याकडे दिलं होतं. सकाळच्या एसटीने लातूरहून निघायचं, अहमदपूरला चहा, लोहा ओलांडलं की कोट घालायचा. माझे अर्ज सहसा फेटाळले जात नसत, याचा मला अभिमान होता. आजही आहे, हे लपवत नाही.

त्यातले काही कर्जदार अजून डोळ्यांसमोर आहेत. लातूरचे एक निवृत्त गुरुजी वकील न करता स्वतःच उभे राहायचे. त्यांचं वादपत्र नव्वद पानांचं, हाताने लिहिलेलं, प्रत्येक पानाला समास आखलेला. त्यात व्याजाच्या दरावर त्यांनी चक्क आर्या रचल्या होत्या. न्यायाधीशांनी त्यांना तासभर बोलू दिलं. मग अर्जावर आदेश झाला आणि दावा गेला. बाहेर आल्यावर गुरुजी मला म्हणाले, “तुमचा मुद्दा छोटा होता पण बरोबर होता. माझे मोठे होते.” आणि माझ्या अर्जातली शुद्धलेखनाची एक चूक त्यांनी पेन्सिलने दुरुस्त करून दिली. पुढे त्यांच्या मुलाने कर्ज फेडलं, म्हणून ही आठवण हसत सांगता येते.

दुसरे एक औशाचे भांडेवाले. आमच्या शाखाधिकाऱ्याने तोंडी सवलत कबूल केली होती, असं त्यांचं म्हणणं. ते प्रत्येक तारखेला पिशवीत नारळ घेऊन यायचे. साहेबांनी या नारळावर हात ठेवून नाही म्हणावं, मी दावा सोडतो, असं सांगायचे. शाखाधिकारी तारखेला यायचं टाळू लागला. त्यावरून मला जे कळायचं ते कळलं होतं, पण वादपत्रात नारळाला जागा नसते. तोही दावा गेला.

प्रयागबाईंच्या दाव्यात त्यांच्या बाजूने वकील होते भुजंगराव. नांदेडच्या बारमध्ये त्यांना सगळे ‘स्टेवाले’ म्हणायचे. सत्तरीला आलेले, कोटाची कोपरं झिजलेली. शेताचा बांध, विहिरीची वाट, गायरानाचा कोपरा, यांवर मनाईहुकूम, म्हणजे स्टे, मिळवण्यात त्यांची हयात गेली. कब्जा आपला तर हुकूम आपला, ही त्यांची एका वाक्याची वकिली, आणि बांधाच्या भांडणात ती चालायची. प्रयागबाईंच्या नवऱ्याच्या गावचा बांधही त्यांनीच कधीतरी जिंकून दिला होता. त्यामुळे दारावर कागद चिकटला तेव्हा बाईंना दुसरं कुणाचं नाव सुचलं नाही, आणि भुजंगरावांनाही दुसरा दावा सुचला नाही.

बाईंची हकिकत अशी. नवरा टेम्पो चालवायचा, धर्माबादच्या बाजारातून मिरची आणायचा. आधी हे कुटुंब धर्माबादला भाड्याने राहायचं. मग नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्याला प्लॉट घेतला, त्यावर कर्ज काढून घर बांधलं आणि पुढच्या खोलीत कांडप यंत्र टाकलं. नवरा आजारपणात गेला. काही महिने हप्ते भरले गेले, मग थांबले. कंपनीने साठ दिवसांची नोटीस पाठवली, ती कर्जाच्या फॉर्मवरच्या जुन्या पत्त्यावर, धर्माबादच्या भाड्याच्या खोलीत. ज्या घरावर कर्ज होतं त्या घराला नोटीस गेलीच नाही. बाईंना पहिल्यांदा कळलं ते दारावरचा कागद बघून. ही चूक मोठी होती. योग्य ठिकाणी, वेळेत मांडली असती तर कंपनीला सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. फाइल हातात आल्यावर अर्ध्या तासात हे माझ्या लक्षात आलं. दावा चुकीच्या कोर्टात आहे, हेही त्याच अर्ध्या तासात लक्षात आलं.

पहिल्या तारखेला मी वकीलपत्र दिलं. कागद चिकटून तेव्हा सतरा दिवस झाले होते. मनाईहुकमाच्या अर्जावर आम्हाला आमचं म्हणणं द्यायचं असतं, आमच्या कोर्टात त्याला ‘से’ म्हणतात. माझा अर्ज बॅगेत टाइप करून तयार होता. तो मी काढला नाही. लातूरला ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारी केली, त्या सरांनी सांगून ठेवलं होतं, “घाई कशाला? समोरचा दाव्यात रमलाय ना, रमू दे त्याला.” पंचेचाळीस दिवस सरले की चुकीचं कोर्टही गेलं आणि बरोबरचंही अवघड झालं. म्हणून मी सेसाठी मुदत मागितली.

अशा मुदतीच्या अर्जावर समोरच्या वकिलाचं मत घेतात. आमच्याकडे वकिलांची एक रीत आहे. समोरच्या वकिलाने मुदत मागितली तर अडवायचं नाही. आज त्याची अडचण, उद्या आपली. जो अडवतो त्याच्याजवळ बार रूममध्ये कुणी बसत नाही. भुजंगराव तर या रीतीचे पक्के. त्यांनी माझा अर्ज वाचलासुद्धा नाही. झिजलेल्या शाईपेनने समासात लिहिलं, ‘हरकत नाही’, खाली सही केली आणि मला म्हणाले, “लातूरहून येता, दमले असताल. चहा घेऊन जा.”

न्यायाधीशांनी विचारलं, तोपर्यंत ताब्याचं काय? मी म्हणालो, पुढच्या तारखेपर्यंत आम्ही प्रत्यक्ष ताबा घेणार नाही. हे ऐकायला किती चांगलं वाटतं. भुजंगरावांनी मान डोलावली. मागच्या बाकावर बसलेल्या प्रयागबाईंनी हात जोडले. खरं म्हणजे माझ्या त्या एका वाक्यामुळे त्यांची धावपळ थांबली. ताबा घेणार नाहीत म्हटल्यावर दुसऱ्या वकिलाला विचारायचं, औरंगाबादला जायचं, असं कुणाच्या डोक्यात कशाला येईल?

दुसऱ्या तारखेलाही तेच. ‘हरकत नाही.’ कागद चिकटून एकोणतीस दिवस. न्यायाधीशांना त्या दिवशी सारख्या शिंका येत होत्या. बाई कांडप उरकून तशाच आल्या होत्या, लुगड्याला मिरचीचा खकाणा होता. पट्टेवाल्याने त्यांना दाराजवळ बसायला सांगितलं. त्या उठता उठता म्हणाल्या, “दाराजवळ काय, मी गेटावर बशीन. पर माझ्या घराचं नाव निघालं की सांगा.”

तिसऱ्या तारखेला एक्केचाळीस दिवस झाले होते. माझ्या डायरीत मी पेन्सिलने आकडा लिहून ठेवायचो. त्या दिवशी मी सगळ्यांत आधी हजर होतो. भुजंगरावांनी तिसऱ्यांदा ‘हरकत नाही’ लिहिलं. मी बाहेर आलो तर प्रयागबाई जिन्याखाली उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

“घरचं तिखट हाय, वकीलदादा. तुम्ही कंपनीचे असून थांबून राहिले माझ्यासाठी. दुसरा कुणी थांबला नसता.”

मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, “लाच न्हाई ती. पावशेर तिखटानं कोण फुटतंय?” आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि पुडी बॅगेत टाकली. घरी बायकोने त्याची आमटी केली. वडिलांनी दोनदा मागून घेतली. तिखट कुठलं विचारलं, तर मी नांदेडचं एवढंच सांगितलं.

चौथ्या तारखेला बावन्नावा दिवस होता. मी अर्ज दाखल केला. भुजंगरावांनी तो उभ्या उभ्या वाचला. खाली बसून पुन्हा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “तयारीला दोन दिवस द्याल का, माधवराव?” आणि त्यांच्या मुदतीच्या अर्जावर मी लिहिलं, ‘हरकत नाही’.

युक्तिवादात ते कब्जाबद्दल बोलले, चुकीच्या पत्त्याबद्दल बोलले. न्यायाधीश भला माणूस होता. ते म्हणाले, तुमच्या म्हणण्यात तथ्य असेलही, पण ते बघायचा अधिकार मला नाही. दावा नामंजूर झाला.

व्हरांड्यात मी गाऊन घडी करत होतो. प्रयागबाई आल्या. त्या रडत नव्हत्या. त्यांना एक गोष्ट समजून घ्यायची होती.

“वकीलदादा, इथं चालत न्हाई, त्या औरंगाबादला जायाचं असतंय, असं जजसाहेब म्हनले. हे तुम्हाला कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. कायद्याचा अभ्यास करावा लागतो, वेळ लागतो, असं काहीही सांगता आलं असतं. का कोण जाणे, मी म्हणालो, “पहिल्याच दिवशी.”

त्यांनी बोटं मोजली नाहीत की काही नाही. 

“मंग तवाच सांगायचं नं. मी काय तुमच्याशी भांडले असते?”

त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि मागे वळल्या. मला वाटलं, आता शिवी देतील. त्यांनी विचारलं, “तिखट लई तेज न्हवतं नं? त्या टायमाला गुंटूर मिरची जरा जास्ती पडली व्हती.”

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही. त्या गेल्या.

लातूरला पोचलो तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. संध्याकाळी मी आलो की काय झालं ते विचारायचा त्यांचा नेम. मी जिंकलो म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “घर कसं हाय?” मी म्हणालो, कुठलं घर? “ज्याच्यावर भांडत होतास ते. चौकट कशाची हाय? लोखंडी का लाकडी?” मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं मी घरांवरच्या फाइली चालवत होतो आणि त्यातलं एकही घर मी बघितलेलं नव्हतं. वडिलांनी आयुष्यभर घरं बांधली. चौकट उभी करायच्या दिवशी घरमालक गवंड्याला टॉवेल-टोपी देतो, नारळ फोडतो. त्या सगळ्या टोप्या आमच्या घरी ट्रंकेत आहेत. 

पुढच्या आठवड्यात नांदेडला दुसरं काम होतं. ते आटोपून मी रिक्षाने विष्णुपुरीच्या रस्त्याला गेलो. घर शोधावं लागलं नाही, गल्लीच्या तोंडालाच नाकात मिरची गेली. चौकट लाकडी होती, तिला हळदीकुंकवाची बोटं होती. दाराच्या फळीवर कागद होता, ऊन लागून पिवळा पडलेला. आत यंत्र चालू होतं. मी दार वाजवलं नाही. परत आलो आणि दोन गोष्टी केल्या. कंपनीला कळवलं, की या प्रकरणात यापुढे मी काम करणार नाही. आणि प्रयागबाईंना एक पत्र लिहिलं.

वकिलीच्या नियमात हे बसतं का? बसत नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्या पक्षकाराच्या विरोधात कागद लिहायचा नसतो, फाइल परत केली म्हणून ते बंधन सुटत नाही. माझी सनद त्या पत्रामुळे जाऊ शकली असती. हे वाचणाऱ्या तरुण वकिलांनी माझं अनुकरण करू नये. मुळात तशी वेळ येऊ देऊ नये, एवढंच माझं सांगणं आहे. पत्र मी पोचपावतीचं रजिस्टर केलं, वकिलाची सवय. आठ दिवसांनी पोचपावतीचं कार्ड आलं. ‘प्रयागबाई’ अशी सुटी सुटी अक्षरं आणि बाजूला अंगठ्याएवढा तांबडा डाग. वास घेऊन बघितला. तिखटच होतं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. भुजंगराव स्वतः बाईंना घेऊन औरंगाबादला गेले. हयातीत ते त्या न्यायाधिकरणाची पायरी पहिल्यांदाच चढले असतील. मुदत टळली होती, म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज करावा लागला. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला वेळ वजा करता येतो, अशी कायद्यात सोय आहे, पण तो प्रामाणिकपणा दाखवावा लागतो. भुजंगरावांनी आपलं स्वतःचं शपथपत्र दिलं. त्यात त्यांनी लिहिलं, ‘दावा चुकीच्या ठिकाणी लावण्याचा सल्ला माझा होता, बाईंचा त्यात दोष नाही.’ पन्नास वर्षं वकिली केलेल्या माणसाने असं लिहून सही करणं म्हणजे काय, ते वकिलालाच कळेल. सोबत नांदेडच्या कोर्टाच्या रोजनाम्याच्या नकला जोडल्या होत्या. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय झालं ते लिहिलेलं असतं, कुणी मुदत मागितली तेही.

उशीर माफ झाला. पुढे चुकीच्या पत्त्याचा मुद्दाही मान्य झाला आणि कंपनीची ती कारवाई रद्द झाली. म्हणजे कर्ज माफ झालं असं नाही. कंपनीने बरोबर पत्त्यावर नवी नोटीस काढली. मात्र या सगळ्यात बराच काळ गेला, तेवढ्यात बाईंची मुलगी अर्चना नर्सिंग करून दवाखान्यात लागली. मायलेकींनी तडजोड करून हप्ते बांधून घेतले. कायद्याने त्यांना घर दिलं नाही, थोडी सवड दिली. त्यांना तेवढीच हवी होती.

मी ऐकलं तेव्हा मला खात्री वाटली, माझं पत्र कामी आलं. मी त्या पत्रात माझ्याविरुद्ध सगळं लिहिलं होतं आणि गरज पडली तर ते दाखवा असंही लिहिलं होतं. बार कौन्सिलची नोटीस येईल म्हणून मी बरेच महिने टपालवाल्याची वाट बघायचो. नोटीस आली नाही. खुद्द भुजंगरावांना एकदा विचारलं, तर ते म्हणाले, “कसलं पत्र? नकला काढायचं बाईच म्हणाली. मला वाटलं, कुणी शहाणं भेटलं असेल तिला.”

अर्चनाची गाठ पडली ती अलीकडे, तिच्या दवाखान्यात वडिलांना दाखवायला नेलं तेव्हा. नाव ऐकून तिने मला ओळखलं. तिच्याकडून कळलं, की पत्र तिनेच आईला वाचून दाखवलं होतं. ते भुजंगरावांना द्यायचं म्हणून ती हटून बसली होती. आईने पत्र घडी करून डब्यात ठेवलं आणि सांगितलं, “त्यात लिहिलंय तेवढं करू. कागद कुणाला दाखवायचा न्हाई. त्यालाबी घर हाय.”

म्हणून मी म्हणतो, सर्वांत जास्त उपकार त्यांचे. माझ्या हातात त्यांचं घर होतं तेव्हा मी दिवस मोजले. त्यांच्या हातात माझी भाकरी आली तेव्हा त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

अजूनही मी फायनान्स कंपन्यांचंच काम करतो. कुणीतरी ते करायला हवंच, आणि कर्ज बुडवायला निघालेले लबाडही मी भरपूर बघितलेत. फक्त माझा अर्ज आता पहिल्याच तारखेला जातो. त्याच्या पहिल्या परिच्छेदात साध्या मराठीत लिहिलेलं असतं, की या तक्रारीसाठी कुठे जायचं आणि आजपासून किती दिवस उरलेत. समोरच्या माणसाला ते वाचून दाखवतो. जुन्या कंपनीने मला काढून टाकलं नाही, फक्त फाइली यायच्या बंद झाल्या. मग दुसऱ्या एका कंपनीने काम दिलं, कारण माझे दावे लवकर निकाली निघतात म्हणे. भुजंगराव आता नाहीत. मुदतीच्या अर्जावर ‘हरकत नाही’ लिहायची वेळ आली, की मी आधी मागे बसलेल्या आपल्या माणसाला विचारतो, तुमची हरकत आहे का?

प्रयागबाईंची परवानगी घेऊन ते पत्र इथे देतो. अर्चनाने त्याचा फोटो मोबाइलवर पाठवला. घडीवर कागद फाटला आहे, पण अक्षर लागतं.

श्रीमती प्रयागबाई मावशी यांस,
सप्रेम नमस्कार.

मी कंपनीचा वकील माधव. तुमच्या प्रकरणातून मी आता बाजूला झालो आहे. हे पत्र कुणाकडून तरी दोनदा वाचून घ्या.

तुमचं घर अजून गेलेलं नाही. दारावरचा कागद फाडू नका, त्यावरची तारीख कामाची आहे. नांदेडच्या कोर्टात नक्कल विभाग आहे. तिथे दाव्याची, आदेशाची आणि रोजनाम्याची नक्कल मागा. रोजनामा विसरू नका. नकला मिळाल्या की एक दिवसही न थांबता औरंगाबादच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करा. नोटीस धर्माबादच्या जुन्या खोलीवर गेली होती, हे पहिल्या पानावर लिहायला सांगा. उशीर झाला म्हणतील. इतके दिवस नांदेडच्या कोर्टात होतो, ते दिवस वजा करा, असं वकिलाला मागायला सांगा. भुजंगराव वकिलांना सोडू नका. ते चुकले, पण फसवणारे नाहीत.

रोजनाम्यात तीन तारखांना मुदत मागितल्याचं दिसेल. ती मागणारा मी. से तयार नव्हता म्हणून ती मागितली नव्हती. तुमचे पंचेचाळीस दिवस संपावेत म्हणून मागितली होती. तुम्ही मला थांबणारा माणूस समजलात, मी त्यासाठी थांबलो होतो. तिथे कुणी विश्वास ठेवला नाही, तर हे पत्र दाखवा. खालची सही माझीच आहे, मी नाकारणार नाही.

पत्ता तुमच्या दाव्यातून घेतला आहे आणि येऊन बघून गेलो आहे, त्यामुळे हे पत्र तरी बरोबर घरी येईल.

तुम्ही तिखटाचं विचारलं होतं आणि मी बोललो नाही. तेज नव्हतं. वडिलांनी दोनदा मागून घेतलं. अर्धी पुडी शिल्लक आहे, ती मी त्यानंतर उघडलेली नाही.

आपला,
माधव